पांढरी काठी

मराठीत 'आंधळ्याची काठी' असा एक जुना वाक्प्रचार आहे. वृद्ध मातापित्यांचा एकुलता एक आधार असलेल्या मुलाला लोक त्यांची 'आंधळ्याची काठी' म्हणतात. काठी म्हणजे आधार, हा अर्थ ह्या शब्दांत पूर्वीपासून भरलेला आहे. आणि तो खराच आहे. ज्याला दिसत नाही त्याला काठी खड्डा दाखविते, पायरी दाखविते, भिंत दाखविते. परंतु गेल्या शंभर वर्षांत ह्या काठीने आणखी एक काम अंगावर घेतले आहे. ती आपल्या धन्याशी बोलते, तशीच आता वाहन हाकणाऱ्याशीही बोलू लागली आहे. धन्याला ती म्हणते, ''येथे पायरी आहे, जपून.'' चालकाला ती म्हणते, ''मला धरणाऱ्याला तू दिसत नाहीस. तुला मात्र तो दिसतो आहे. तेव्हा थांबायचे ते तू.'' पहिले बोलणे हाताला कळते. दुसरे कळण्यासाठी डोळे लागतात, आणि डोळ्यांच्या मागे जागे मन लागते.

काठीला ही वाचा कशी आली, त्याची हकीकत मनोरंजक आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाचा एक छायाचित्रकार राहत असे. अपघातात त्याची दृष्टी गेली. त्याच्या घराभोवती मोटारींची वर्दळ वाढत चालली होती आणि रस्त्यावर पाऊल टाकताना त्याला धास्ती वाटे. तेव्हा १९२१ साली त्याने आपली काठी पांढऱ्या रंगाने रंगविली. युक्ती साधी होती, पण तिच्यातील विचार मोठा होता. आपल्याला मोटार दिसणार नाही, हे तर खरेच. पण मोटार हाकणाऱ्याला आपण ठळकपणे दिसावे, एवढे तरी आपल्या हाती आहे!

पुढे १९३० साली अमेरिकेतील पिओरिया ह्या गावी जॉर्ज बॉनहॅम नावाच्या गृहस्थांनी रस्ता ओलांडण्यासाठी धडपडणारा एक अंध मनुष्य पाहिला. त्याच्या हातात काठी होती; पण ती काळी होती, आणि काळ्या रस्त्यावर ती चालकांच्या नजरेत भरत नव्हती. बॉनहॅम हे तेथील लायन्स क्लबचे अध्यक्ष होते. त्यांच्या खटपटीने गावातील अंधांना पांढऱ्या काठ्या मिळाल्या. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात पिओरिया नगराने असा नियम केला, की पांढरी काठी घेतलेला मनुष्य रस्ता ओलांडत असेल, तर वाट प्रथम त्याची. १९३१ साली फ्रान्समध्ये गिली देर्बमाँ ह्या बाईंनी हीच चळवळ देशभर नेली. अशा रीतीने एका माणसाची युक्ती साऱ्या जगाची खूण झाली.

काठी कशी धरावी, ह्याचेही शास्त्र बनले. दुसऱ्या महायुद्धात अनेक अमेरिकन सैनिकांची दृष्टी गेली होती. अंधशाळेत शिक्षक म्हणून काम केलेल्या रिचर्ड हूव्हर ह्यांनी सैनिकी रुग्णालयात त्यांच्यासाठी नवी पद्धत बसविली. काठी आखूड नसावी, छातीपर्यंत उंच असावी आणि वजनाला हलकी असावी. उजवे पाऊल पुढे पडत असताना काठीचे टोक डावीकडे टेकावे, आणि डावे पाऊल पडत असताना उजवीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जेथे पडणार, ती जागा काठीने आधीच चाचपून ठेवलेली असते. आज पांढरी काठी घेतलेला कोणीही मनुष्य टक्‌ टक्‌ असा ताल धरून चाललेला दिसला, तर तो अंदाधुंद काठी फिरवीत नसतो, प्रत्येक पावलाची पारख करीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

रस्त्याची कड आली, की खरी परीक्षा सुरू होते. डोळस मनुष्य आधी उजवीकडे पाहतो, मग डावीकडे पाहतो आणि पुन्हा उजवीकडे पाहून निघतो. अंध मनुष्यही तेच करतो, पण कानांनी. आडवी जाणारी वाहने कोठून कोठे चालली आहेत, हे तो आवाजावरून ओळखतो. त्याच्या बाजूने, तो जाणार त्याच दिशेने वाहणारी रहदारी हा त्याचा दोरा असतो. त्या आवाजाला समांतर चालत राहिले, की वाट सरळ पडते. चौकातील आडवी वाहने थांबली आणि बाजूची वाहने सुटली, की आपली वेळ झाली असे तो समजतो. गालावर पडणारे ऊन त्याला दिशा सांगते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून बहुतेक रस्ते मध्यभागी किंचित उंच असतात; पायाखालचा चढ संपून उतार लागला, म्हणजे अर्धा रस्ता झाला, हे त्याच्या पावलांना कळते. अंधांना निसर्गाने जादूचे कान दिले आहेत, अशी अनेकांची समजूत असते. तसे काही नसते. आपण जे आवाज ऐकून सोडून देतो, ते तो मन लावून ऐकतो, एवढाच फरक.

आता ही विद्या घेऊन एखादा अंध विद्यार्थी लातूरच्या गंजगोलाईत येऊन उभा राहिला आहे, अशी कल्पना करावी. १९१७ साली, निजामाच्या राजवटीत, ह्या बाजारपेठेची आखणी झाली. मध्यभागी देवीचे मंदिर, भोवती गोलाकार पेठ, आणि त्या गोलाला येऊन मिळणारे सोळा रस्ते! सोन्याचांदीपासून मिरचीपर्यंत आणि चपलांपासून गुळापर्यंत सारे काही ह्या पेठांतून विकले जाते. त्या मुलाचे नाक त्याला पुष्कळ मदत करील. गुळाच्या वासावरून, मिरचीच्या खाटेवरून, कातड्याच्या वासावरून आपण कोणत्या गल्लीच्या तोंडाशी आहो, हे तो सांगू शकेल. पण रस्ता ओलांडताना त्याचा दोरा तुटतो. गोलात सारी वाहने वळत असतात. सरळ जाणारा, समांतर असा आवाजच नसतो. सगळी वाहने एकदम थांबली आणि एकदम सुटली, असेही घडत नाही. सोळा तोंडांतून रिक्षा, दुचाक्या आणि हातगाडे येत राहतात. तेथे उत्तम शिकलेला कानही गोंधळतो.

नांदेडची अडचण निराळी आहे. गोदावरीच्या काठच्या ह्या नगरीत सचखंड गुरुद्वाराच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू येतात. त्यांना रस्ते नवे, रस्त्यांना ते नवे. वजिराबादसारख्या गजबजलेल्या भागात दुकानांपुढे लावलेल्या दुचाक्या पदपथ अडवितात, आणि चालणाऱ्याला खाली उतरून रहदारीतून वाट काढावी लागते. ही दोन शहरे जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या गावांच्या अंगाने जातो. शहरात गर्दीमुळे वेग तरी कमी असतो. महामार्गावर तोही आधार नाही.

अशा वेळी वाहनचालकाची जबाबदारी किती, हे भावनेने न ठरविता गणिताने ठरवावे. समजा, रस्ता १२ मीटर रुंद आहे. काठीने चाचपत जाणारा मनुष्य सेकंदाला सुमारे एक मीटर चालतो. म्हणजे त्याला पलीकडे जाण्यास १२ सेकंद लागतील. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे ११ मीटर धावते. १२ सेकंदांत ती १३२ मीटर जाईल. ह्याचा अर्थ असा, की अंध मनुष्याने पहिले पाऊल टाकले तेव्हा जी मोटार सव्वाशे मीटर दूर होती, ती तो पलीकडे पोहोचण्यापूर्वी त्याच्यापाशी येऊन ठेपते. बाजाराच्या गलबल्यात सव्वाशे मीटरांवरच्या मोटारीचा आवाज कोणाला ऐकू येणार? त्याने सारे नियम पाळले, नीट कान देऊन ऐकले, योग्य वेळी पाऊल टाकले; तरीही तो संकटात सापडू शकतो. त्याच्या हाती होते तेवढे त्याने केले. उरलेले अर्धे काम ज्याला दिसते त्याचे आहे.

तो चालक थांबू शकतो का? धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ११ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही ती आणखी सुमारे ९ मीटर घसटत जाते. एकूण झाले २० मीटर. रस्ता ओला असेल, तर त्याहूनही अधिक. हाच वेग ताशी २० किलोमीटर असेल, तर मोटार ८ मीटरांच्या आतबाहेर उभी राहते. वेग निम्मा केला, तर थांबण्याचे अंतर निम्म्याहूनही कमी होते. पांढरी काठी दृष्टीस पडताच वेग कमी करणे, हा म्हणूनच केवळ सौजन्याचा भाग नव्हे. मनुष्याचा जीव वाचविण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

तथापि चांगल्या मनाचे चालकही अज्ञानामुळे चुकतात. काठी दिसली, की काहीजण जोराने हॉर्न वाजवितात. त्यांचा हेतू सावध करण्याचा असतो. पण त्या आवाजाने इतर सारे आवाज बुडून जातात. डोळस मनुष्य रस्ता ओलांडत असताना त्याच्या डोळ्यांवर एकाएकी हात ठेवावा, तसेच हे होय. शिवाय हॉर्न 'मी आलो' एवढेच सांगतो. 'मी थांबतो आहे' की 'तू थांब', हे सांगत नाही. काही चालक गाडीतूनच ''चला, चला'' असे ओरडतात. त्यांची गाडी थांबलेली असते. पण मागून दुसरी येत नाही ना, हे त्यांनी पाहिलेले नसते. पुढची मोटार थांबली, म्हणून तिच्या बाजूने दुचाकी पुढे काढणारे तर सर्वांत घातक. मोटार कशासाठी थांबली आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात येतच नाही. तिसरी चूक डावीकडे वळणाऱ्यांची. बाजूने सरळ जाणाऱ्या वाहनांच्या आवाजावर विसंबून अंध मनुष्य निघालेला असतो, आणि त्यांतलेच एखादे वाहन त्याच्या वाटेत वळते. चालकाने वळण्याचा दिवा लावलेला असतो, हे खरे. पण लुकलुकणारा दिवा अंधाला काय सांगणार?

विजेवर चालणाऱ्या वाहनांनी ह्यात नवी भर घातली आहे. त्यांचा धूर नाही, गोंगाट नाही, ही चांगली गोष्ट; पण सावकाश चालताना ती जवळजवळ निःशब्द असतात. कानाने पाहणाऱ्याला ती दिसेनाशी झाली आहेत, असेच म्हणावे लागेल. हा धोका ओळखून युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीत, ती संथ चालत असता मुद्दाम आवाज करणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले. ज्याच्या वाहनाला आवाज नाही, त्याने दुप्पट सावधपणे पाहावे, हे उघडच आहे.

मग चालकाने करावे तरी काय? पांढरी काठी दिसताच वेग कमी करावा. पांढऱ्या पट्ट्यांच्या आधी, पुरेसे अंतर राखून थांबावे. हॉर्न वाजवू नये आणि इंजिनाची घरघर वाढवू नये. तो मनुष्य पलीकडे पोहोचेपर्यंत गाडी पुढे सरकवू नये. गाडी पट्ट्यांवर उभी केली, तर काठी चाकाला अडते आणि तो मनुष्य वाट चुकतो. थोडक्यात, शांतपणे थांबणे हीच सर्वांत मोठी मदत होय. त्यात चालकाची फार तर १५ सेकंदे जातात.

कायद्याचेही सांगणे असेच आहे. आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा आहे. त्याखालील २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांत पादचारी, सायकलस्वार, बालके, वृद्ध आणि अपंग ह्यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. जेथे दिव्यांची खूण नाही, अशा पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करून पादचाऱ्याला वाट द्यावी, असाही नियम आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने रस्ते आणि वाहतूक त्यांना वापरता येतील अशी व्यवस्था करण्याचे काम शासनाकडे सोपविले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निर्धोक पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि ते पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत. वाट देणे म्हणजे दयेचे दान नव्हे. ज्याचे त्याला देणे आहे.

पदपथाची ही गोष्ट वाहन चालविणाऱ्यांपुरतीच नाही. काठीने जमिनीवरचे सारे कळते. कमरेच्या वरचे कळत नाही. ऊस गाळपाच्या हंगामात लातूर-नांदेडच्या रस्त्यांवरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या जातात. एखादी कडेला उभी असली, तर बाहेर आलेली उसाची टोके बरोबर छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर येतात. काठी खालून मोकळी जाते आणि मनुष्य टोकांवर आदळतो. दुकानाबाहेर टांगलेली पाटी, मालमोटारीचा उघडा फाळका, पदपथावर आडव्या लावलेल्या दुचाकीचा दांडा, ही सारी अशीच. ह्यावर उपाय म्हणून दिल्लीच्या आय.आय.टी. मध्ये काठीवर बसविण्याचे एक यंत्र तयार झाले आणि २०१४ साली ते लोकांच्या हाती आले. वटवाघूळ जसे आवाजाच्या लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते, तसेच हे यंत्र अडथळा ओळखते आणि मूठ थरथरवून सूचना देते. यंत्र उपयोगी खरे. पण दुचाकी पदपथावर न लावणे, हा त्याहून स्वस्त उपाय प्रत्येकाच्या हाती आहे.

रेल्वेच्या फलाटावर काठाजवळ उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या बसविलेल्या असतात. अनेकांना ती शोभा वाटते. जपानमधील सेइइची मियाके ह्यांनी १९६५ साली ह्या फरश्यांची कल्पना काढली, आणि १९६७ साली ओकायामा येथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसल्या. लांब रेघा असलेली फरशी 'ह्या दिशेने चला' असे सांगते. गोल ठिपक्यांची फरशी 'थांबा, पुढे धोका आहे' असे सांगते. सर्वच अंधांना पूर्ण काळोख असतो असे नाही. काहींना थोडेसे दिसते. रंग पिवळा आहे तो त्यांच्यासाठी. ह्या फरशीवर सामान ठेवणे म्हणजे कोणाच्या तरी पुस्तकाचे पान फाडण्यासारखे आहे.

मुलामुलींना वाहन चालविण्याचा परवाना मिळण्यास अजून अवकाश आहे. पण मदतीचा हात पुढे करण्यास परवाना लागत नाही. मात्र तो कसा पुढे करावा, हे ठाऊक हवे. रस्त्याच्या कडेला उभा असलेला अंध मनुष्य पलीकडेच जाणार आहे, असे धरून चालू नये. तो एस.टी.ची वाट पाहत असेल. त्याला ओढत पलीकडे नेले, तर मदतीऐवजी त्याची गाडी चुकेल. म्हणून आधी बोलावे, मग हात द्यावा. ''काका, रस्ता ओलांडायचा आहे का? मी बरोबर येऊ का?'' असे विचारावे. ते 'हो' म्हणाले, तर त्यांचा दंड पकडू नये. आपला कोपर त्यांच्या हाताशी न्यावा, ते स्वतःच तो धरतील. आपण अर्धे पाऊल पुढे राहावे, म्हणजे आपल्या चालीवरून चढउतार त्यांना कळतात. त्यांच्या काठीला हात लावू नये. ती त्यांच्या बोटांचाच लांबलेला भाग आहे. 'इकडे', 'तिकडे' असे न म्हणता 'डावीकडे', 'एक पायरी खाली' असे नेमके सांगावे. रस्त्याच्या मध्यभागी सोडू नये. पलीकडे पोहोचल्यावर ''आता आपण पदपथावर आलो, काका. मी निघतो,'' असे सांगूनच निघावे. न सांगता निघून गेलेल्याशी मनुष्य बोलतच राहतो. आणि ते 'नको' म्हणाले, तर राग मानू नये. ज्याला स्वतः जाता येते त्याला जाऊ द्यावे, हाही आदरच होय.

एका रस्त्याचे एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. शिकण्यासाठी लातुरास दूरदूरच्या गावांहून विद्यार्थी येतात. त्यांच्यात ज्याला दिसत नाही असा एखादा असतो. त्याच्यापाशी बुद्धी असते, ब्रेल लिपीतील पुस्तके असतात, जिद्द असते. पण खोली आणि शाळा ह्यांच्या मध्ये एक रस्ता असतो. तो रोज निर्धास्तपणे ओलांडता आला, तर शाळा मिळते, परीक्षा मिळते, पुढे नोकरी मिळते. न आला, तर चार भिंती मिळतात. बारा मीटरांची ती पट्टी त्याच्यासाठी नदीसारखी असते. आणि थांबणारा प्रत्येक चालक हा तिच्यावरचा पूल असतो.

१९६४ सालापासून १५ ऑक्टोबर हा दिवस पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून पाळला जातो. अमेरिकेत सुरू झालेली ही प्रथा आता आपल्याही देशात रुजली आहे. हाच दिवस डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रातील शाळांत तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो आणि मुले त्या दिवशी पुस्तके हाती घेतात. हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. पांढरी काठी हेदेखील एक अक्षरच आहे. ते पुस्तकात छापलेले नसते, रस्त्यावर चालत येते. आणि ज्याला दिसते त्यानेच ते वाचावयाचे असते.